चालू इंजिनापुढे

२१ जानेवारी, मंगळवार

गाडी विकायची म्हणतो!

संध्याकाळी मला घ्यायला शंकर नगरला, माझ्या ऑफिसला आला तेव्हाच तोंड पाहून कळलं, काहीतरी झालंय. (समोर 'अहो' म्हणते, इथे गौतमच लिहिणार. वहीसमोर कसली लाज!) मी आत बसले. त्याने गिअरचा दांडा खाली ओढला. गाडी थोडा वेळ विचार करत राहिली, मग मागून कोणी ढुशी मारावी तसा धक्का देऊन निघाली. महिनाभर हेच चाललंय. आधी फक्त सकाळी, थंड असताना. आता संध्याकाळीही.

आज अर्धी सुट्टी टाकून वर्कशॉपला नेली होती म्हणे. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि सांगून मोकळा झाला – गिअरबॉक्स गेला. नवीन टाका, नाहीतर भंगारात द्या. नुसतं तेल बदलून द्याल का विचारलं तर म्हणाला, त्याने काही होत नाही, उगाच आमचं नाव खराब होईल. नव्या गिअरबॉक्सचा आकडा इथे लिहीत नाही. वहीला घेरी येईल.

"मी काय म्हणून राहिलो, विकून टाकू," गौतम म्हणाला. "ऑफिसले ऑटोनं जाईन."

ऑटोने! याचा डावा गुडघा वाकत नाही. शेअर ऑटोत बसला की पाय काठीसारखा बाहेर येतो. चढणारा-उतरणारा प्रत्येक जण त्याला अडखळतो आणि हा प्रत्येकाला सॉरी म्हणत राहतो. ऑटोमॅटिक गाडी घेतली ती याचसाठी – क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही. जुनी घेतली, पण घेतली. रेल्वेचं इंजिन चालवणारा माणूस, आख्ख्या मालगाड्या ओढल्या त्याने. आता ऑफिसात खुर्चीवर बसवलंय, तर निदान खुर्चीपर्यंत तरी स्वतः गाडी चालवत जाऊ दे.

मला गाडीची काळजी नाही. मला त्या वर्षाची काळजी आहे. अपघातानंतर गाडी येईपर्यंत हा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. काही विचारलं तर 'हव' म्हणायचा, नाही विचारलं तर तेही नाही. मी टीव्ही मोठ्याने लावायचे, घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. गाडी आली आणि माणूस परत आला.

ते वर्ष मला पुन्हा नको. बस्स.

२२ जानेवारी, बुधवार

साक्षीचा फोन. भिलाईला नोकरी लागल्यापासून पोरगी फार शहाणी झाली आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत. "आई, कैब कर लिया करो ना, उसमें क्या है." म्हटलं, मला कॅबची नाही, तुझ्या बापाची चिंता आहे. त्यावर तिने कॅबचा विषय सोडला. ते वर्ष तिनेही पाहिलंय.

२३ जानेवारी, गुरुवार

आज जेवणाच्या सुट्टीत फोनवर एक व्हिडिओ पाहिला. कोणी एक माणूस स्वतःच्या अंगणात ऑटोमॅटिक गाडीचं गिअरचं तेल बदलतो आहे. मागे वाळत घातलेले कपडे, मध्येच त्याची बायको चहा आणून देते. करायचं काय, तर गाडीखाली शिरायचं, खालचा बोल्ट काढायचा, जुनं तेल घमेल्यात पडू द्यायचं, बोल्ट परत घट्ट करायचा. मग वर, तेल मोजायची पट्टी जिथे खोचलेली असते त्या नळीत नरसाळं लावून नवीन ओतायचं. झालं! दर उन्हाळ्यात कूलरची टाकी मी साफ करते, ते याहून किचकट काम आहे.

घरी येऊन गौतमला सांगितलं तर हसला. या आठवड्यातलं पहिलं हसू, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

"तू करशील?"

म्हटलं, मग तुमचा गुडघा शिरणार आहे का खाली? तर म्हणतो, वर्कशॉपवाला सांगून राहिला ना, काही होत नाही त्यानं. मी म्हटलं, भंगारातच द्यायची आहे ना? मग आपण हात लावून आणखी काय बिघडवणार? पाणी पिऊन आला, आणि मग अटी सांगायला लागला. अटी आल्या की समजायचं, माणूस तयार झाला.

अटी अशा. इंजिन बंद. किल्ली त्याच्या खिशात. चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना गुटके, लाकडी ठोकळे. आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मोठ्याने बोलायची, दुसऱ्याने ती परत म्हणायची, मगच हात लावायचा.

ही रेल्वेची खोड. इंजिनावर दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने 'हिरवा' म्हणायचं, दुसऱ्याने पाहून पुन्हा 'हिरवा' म्हणायचं. नुसतं मनात म्हणून चालत नाही. लग्न झाल्यावर वर्षभर हा मला स्वयंपाकघरात छळायचा – "गॅस बंद?" आणि मी "गॅस बंद" असं पूर्ण म्हटल्याशिवाय दारातून हलायचा नाही. 'हो' म्हटलेलं चालायचं नाही! सासूबाई पदर तोंडावर घेऊन हसायच्या.

रविवारी करायचं ठरलं. सव्वीस जानेवारी, दोघांनाही सुट्टी.

२५ जानेवारी, शनिवार

तेल आणलं. दुकानदार माझ्या मागे पाहत राहिला, कोणी पुरुषमाणूस येतोय का. "भैया को भेज दीजिए दीदी, गलत ले जाएँगी." म्हटलं, भैया बाहेर गाडीत आहेत, नंबर मी पाठ करून आले आहे, द्या. नवीन तेल लालभडक असतं. मला माहीतच नव्हतं! लग्नातल्या सरबतासारखं.

आणि सकाळची गोष्ट. दूध घ्यायला दार उघडलं तर फाटकाच्या आत लाकडाचे दोन गुटके ठेवलेले. रेल्वेत उभ्या डब्याच्या चाकाला लावतात तसले, तिरके कापलेले, नवे. रंधा मारून गुळगुळीत केलेले.

कोणी ठेवले ते मला लगेच कळलं. काल भाजी घेताना लहानू भेटला होता. मान खाली घालून जात होता, मीच हाक मारली. वहिनी, भाऊची गाडी धक्के मारून राहिली, गल्लीतून आवाज येतो, म्हणाला. मी सगळं बोलून बसले – वर्कशॉप, तेल, रविवार, गुटके.

लहानू म्हणजे गौतमचा असिस्टंट. दहा वर्षं दोघं एका इंजिनावर होते. माझ्या डब्यात कायम चार पोळ्या जास्त असायच्या, त्या लहानूच्या. दोन गल्ल्या सोडून राहतो. चार वर्षांपूर्वी यार्डात इंजिन उभं होतं, गौतम खाली उतरून पुढच्या बाजूला वाकून काहीतरी पाहत होता, वर लहानू. लहानूला वाटलं, हा बाहेर आला. विचारलं नाही. रोज प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्याचं तेवढं एक विचारायचं राहिलं. ब्रेक सोडला. चाकाला गुटकाही लावलेला नव्हता. इंजिन हातभर सरकलं. हातभरच.

लहानूला शिक्षा झाली, ती भोगून तो परत कामावर गेला. दवाखान्यात डबा घेऊन आला होता तेव्हा गौतमने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही. समोरून आला तर गौतम रस्ता बदलतो – वाकत नसलेल्या पायाने रस्ता ओलांडणं किती त्रासाचं, तरी बदलतो. मला दोघांचीही कीव येते आणि दोघांचाही राग येतो.

गौतमने गुटके हातात घेऊन उलटसुलट पाहिले. कुठून आणले? टिंबर मार्टमधून, मी ठोकून दिलं. अंगठ्याने कड चाचपत बसला होता.

२६ जानेवारी, रविवार

झालं! मी केलं! हाताला अजून वास येतोय, तीनदा साबण लावला.

सकाळी विहारात गेलो. झेंडा, मग सगळ्यांनी मिळून संविधानाची उद्देशिका वाचली, बुंदी खाऊन परत. घरी आल्यावर मी गौतमची जुनी खाकी डांगरी चढवली. बाह्या चार वेळा दुमडल्या. शेजारच्या भावनाताई गच्चीवरून पाहून खाली यायच्याच होत्या, मी आधीच ओरडून सांगितलं, नाटकात काम मिळालंय.

आमच्या पायरीला रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन तुकडे आहेत. ते काढून गौतमने पुढची चाकं त्यावर चढवली. मागच्या चाकांना ते गुटके. किल्ली खिशात. स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय लांब करून, बोनेटजवळ. आणि मी चटईवर उताणी, गाडीखाली. खालून गाडी पहिल्यांदाच पाहिली. इतकं लोखंड! हे आपल्यावर आहे!

"इंजिन बंद," वरून आवाज.

"इंजिन बंद," मी.

"गुटके लावले."

"गुटके लावले."

त्यात शाळेच्या मैदानावरचा लाउडस्पीकर. आम्ही दोघं त्याच्या वरताण ओरडतोय. "बोल्ट सैल करू?" "बोल्ट सैल कर!" गल्लीतली माणसं थांबून पाहायला लागली. एकाने विचारलंही, भाभी, झगडा हो गया क्या?

बोल्ट काही सुटेना. पान्यावर पाय दिला तेव्हा कटकन हलला. मग बोटांनी फिरवत गेले, आणि शेवटच्या आट्याला तेल जे आलं ते घमेल्यात कमी आणि माझ्या कोपरापर्यंत जास्त! काळं. तीन वेळा उकळून विसरलेल्या चहासारखं. जळका वास. मी ओरडले तर गौतम खुर्चीतून उठलाच, काय झालं काय झालं. म्हटलं काही नाही, अंघोळ झाली.

घमेल्यातलं तेल मोजायला बाटल्यांत भरलं, व्हिडिओतल्या माणसासारखं. जेवढं निघालं तेवढंच नवीन ओतायचं. मला व्हिडिओ तोंडपाठ होता. गौतमने नरसाळं धरलं, मी ओतलं. हळूहळू. लाल धार. त्याची जीभ दातांत धरलेली – साक्षीला पहिल्यांदा औषध पाजताना धरली होती तशी.

गाडी खाली सपाटीवर घेतली. इंजिन बंद. किल्ली खिशात. मग त्याने पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल खुणेच्या खूप वर. "जास्त झालं," म्हणाला. मी म्हटलं, जेवढं काढलं तेवढंच घातलं, जास्त कसं होईल? पण पट्टी त्याच्या हातात होती आणि खूण दिसत होती. परत स्लीपर, परत गुटके, परत मी खाली. बोल्ट सैल, थोडं काढलं, घट्ट. पट्टी. अजून जास्त. परत खाली! तिसऱ्यांदा मी त्याच्या सगळ्या रेल्वेचा उद्धार केला. मग एकदाचं तेल खुणेवर आलं.

संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. धक्का नाही! दांडा ओढला की लगेच निघते, लोण्यासारखी. गौतम दोनदा उगाच मागे-पुढे करून आला. उतरला तेव्हा चेहऱ्यावर जे होतं ते मी किती दिवसांनी पाहिलं.

रात्री भजी केली. खाताना म्हणाला, "असिस्टंट चांगला भेटला मले." मग हातातलं भजं ताटात ठेवून तिकडेच पाहत बसला. मीही ताटात पाहिलं.

२७ जानेवारी, सोमवार

गेली.

सकाळी ऑफिसला जाताना, अंडरब्रिजखालून वर चढताना. इंजिन घूं घूं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मग मागे सरकायला लागली. गौतमने ब्रेक मारला. मागे ट्रक, हॉर्नवर हॉर्न. गौतमच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी उतरले, हात करून मागचं थांबवलं. हमाल लोक धावले. "भैया, न्यूट्रल में डालो, हम धकेल देते हैं." ढकलत वर आणली, आणि मग ढकलतच घरापर्यंत. बाजारातून, सगळ्यांसमोर. एक जण विचारतो, पेट्रोल संपलं का. हो म्हटलं.

मी बाजूने चालत होते. मागे वळून पाहिलं तर ढकलणाऱ्यांत लहानू. ड्युटीवर निघालेला, बॅग गळ्यात अडकवलेली, खांदा डिकीला लावून पूर्ण जोर देत होता. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि तो बाजूला होऊन निघून गेला. गौतमसमोर आरसा होता. त्याने पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

दांडा मागे टाकला, पुढे टाकला – दोन मिनिटं लागतात, मग जरा हलते, परत सोडते. माझ्या हातून मेली गाडी.

२८ जानेवारी, मंगळवार

ऑफिसातून आला. मागच्या खोलीत खुर्ची भिंतीकडे.

२९ जानेवारी, बुधवार

रजा काढली. याला ऑटोत बसवून दिलं – पाय बाहेर, ड्रायव्हर म्हणतो चाचाजी अंदर लो – आणि घरी येऊन आधी पोटभर रडले. मग तोंड धुऊन बोनेट उघडलं.

काय शोधत होते मलाच माहीत नव्हतं. बोल्ट गळतोय का पाहिलं. कोरडा. नळी कोरडी. मग पट्टी काढून चिंधीने पुसत ओट्यावर बसले. सगळा दोष या पट्टीचा, असं मनात. पुसता पुसता मागच्या बाजूला काहीतरी खरखरीत लागलं. त्याचा जवळचा चष्मा आणला, उन्हात धरली. बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली. काळ्या थराखाली दिसतच नव्हती, आणि आम्ही दोघंही पुढच्या बाजूची खूणच पाहत होतो. तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून मोजा.

चालू ठेवून!

व्हिडिओ परत लावला. आणि माझीच मला लाज वाटली – मी तो शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता! तेल ओतून झालं की झालं, असं समजून बंद केला होता. त्यापुढे तो माणूस इंजिन चालू करतो, ब्रेक दाबून दांडा प्रत्येक ठिकाणी नेऊन परत पार्किंगला आणतो, आणि इंजिन चालू असतानाच पट्टी पाहतो. चालू इंजिन तेल वर खेचून घेतं. बंद केलं की ते खाली उतरून येतं आणि उगाच जास्त दिसतं. म्हणजे आम्ही ओतलेलं बरोबर होतं. आम्ही ते बरोबर असलेलं तेल तीनदा गाडीखाली शिरून काढून टाकलं!

मी ओट्यावर एकटीच हसत बसले. भावनाताई म्हणाल्या, काय झालं ओ? म्हटलं, नाटकात बक्षीस मिळालं.

गाडी मेली नाही. तहानलेली आहे फक्त.

संध्याकाळी त्याला पट्टी दाखवली. चष्मा लावून वाचलं, दोनदा. मला वाटलं उठेल. उठला नाही.

"चालू इंजिनापुढे माणूस उभा राहत नाही," म्हणाला.

मी म्हटलं, गिअर पार्किंगला, हँडब्रेक ओढलेला, गुटके लावलेले, काय होणार आहे? तुम्ही आत ब्रेकवर बसा, मी पुढे उभी राहून पट्टी पाहते. तर त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. नाही म्हणाला. परत नाही म्हणाला. तिसऱ्यांदा ओरडून म्हणाला. हा माणूस ओरडत नाही कधी.

३० जानेवारी, गुरुवार

जीभ घसरली. जेवताना तेच चाललं होतं, मी समजावतेय, हा मान हलवतोय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं – "मग लहानूले बोलावू का ब्रेकवर बसाले?"

ताट तसंच ठेवून उठला.

मला रागही आला नाही, भीतीच वाटली. आता खुर्ची हलायची नाही इथून.

३१ जानेवारी, शुक्रवार

काही नाही. टीव्ही मोठ्याने लावला.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले तर खुर्ची रिकामी. अंगणात पाहिलं – गौतम गाडीच्या पुढे उभा. बोनेट उघडलेलं. मागच्या चाकांना गुटके लावलेले, पुढच्यांना विटा. नरसाळं, तेलाचा डबा, चिंधी, सगळं ओळीने मांडलेलं.

"तू आत बस," म्हणाला. "मी उभा राहतो."

मी? ड्रायव्हरच्या सीटवर मी कधी बसले नव्हते. म्हटलं उलटं करू, मी पुढे उभी राहते. तर म्हणाला, तुला तिथे उभं राहू देणार नाही. त्या आवाजापुढे वाद कसला. बसले. सीट इतकी मागे की पाय पोचेना, पुढे घेतली. त्याने खिडकीशी येऊन ब्रेक दाखवला, दांडा दाखवला. मग किल्ली खिशातून काढून माझ्या हातात दिली. किल्ली ओली होती घामाने.

पहिल्यांदा त्याला बाजूला उभं केलं आणि गाडी चालू करून चांगली गरम होऊ दिली. मग ब्रेक दाबून दांडा प्रत्येक ठिकाणी नेला, परत पार्किंगला आणला. हँडब्रेक. मग तो पुढे गेला.

बोनेट उघडं असलं की आतून समोरचं काही दिसत नाही, हे मला आज कळलं. पत्रा आणि पत्रा. माणूस पुढे आहे की नाही, कुठे आहे, हात कुठे आहे – काही नाही. फक्त आवाज. लहानूलाही त्या दिवशी वरून काही दिसलं नसणार. हे माझ्या मनात आलं आणि मी ब्रेक असा दाबला की पोटरीत गोळा आला.

"ब्रेक?"

"ब्रेक!"

"गिअर?"

"पार्किंग!"

मग बराच वेळ आवाज नाही. इंजिन चाललेलं. मी हाक मारली, "अहो?" उत्तर नाही. बोनेटखालच्या फटीतून त्याच्या शर्टाची एक पट्टी दिसत होती, ती मागे गेली. एक पाऊल मागे गेला होता. मला वाटलं, संपलं, जमणार नाही याला. बंद करू का म्हणून विचारणार, तेवढ्यात शर्ट परत पुढे आला.

"ब्रेक?" आवाज चिरकला होता.

"ब्रेक. मी सोडत नाही. तुम्ही पाहा."

पट्टी निघाल्याचा आवाज आला. मग हसण्याचा! पट्टी कोरडी होती, टोकाला नुसता थेंब. "अगं, याच्यात तेलच नाही!" म्हणतो. जसं काही मीच प्यायले होते.

मग घोट घोट ओतत गेला. ओतलं, पट्टी, ओतलं, पट्टी. प्रत्येक वेळी "ब्रेक?" आणि प्रत्येक वेळी मी "ब्रेक!" हळूहळू त्याच्या आवाजातला काटा गेला. शेवटी तर सवयीने विचारल्यासारखा विचारत होता, गॅस बंद विचारायचा तसा. "खुणेवर," म्हणाला. "खुणेवर," मी म्हटलं. बंद केलं आणि माझा पाय ब्रेकवरून उचलेचना. त्याने दार उघडून हाताने उचलून खाली ठेवला. आम्ही दोघंही खूप वेळ हसत होतो, आणि कशाला हसतोय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मग निघालो. अंडरब्रिज – सरळ वर! पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतून, तळ्याकडून, शंकर नगरपर्यंत. सुट्टीच्या दिवशी माझ्या ऑफिसच्या गेटसमोरून उगाच दोन चकरा मारल्या. धक्का नाही, आवाज नाही. वर्कशॉपच्या समोर आल्यावर गौतमने हॉर्न वाजवला. कारण नसताना! साक्षीला फोन लावून तो ऐकवला.

परत आल्यावर त्याने गुटके उचलले, चिंधीने पुसले, पायरीवर शेजारी शेजारी ठेवले.

"टिंबर मार्टमध्ये रंधा मारून नाही देत," म्हणाला, आणि अंघोळीला गेला.

किती हलकं वाटतंय! रात्री टीव्ही लावायचंच विसरले.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गौतम न सांगता बाहेर पडला, पायी. परत आला तर मागे लहानू. दाराशीच थांबलेला, चपला हातात.

गौतमने त्याच्या पुढे किल्ली धरली. "गिअरचं तेल पाहायचं आहे. चालू इंजिनावर पाहावं लागते. तू ब्रेकवर बस." लहानू माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली. तो गुटके घेऊन चाकाशी वाकला, तर गौतम म्हणाला, राहू दे. लहानूने आत बसून इंजिन चालू केलं आणि गौतम बोनेट उघडून पुढे जाऊन उभा राहिला.

"ब्रेक?"

आतून काहीच नाही. गौतमने पुन्हा विचारलं. मग लहानूचा आवाज आला, "ब्रेक, भाऊ."

तेल बरोबर होतं. असणारच, कालच तर पाहिलं होतं.